वाफेचा व्याख्याता

१८३६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत ब्रिस्टल शहरीं ब्रिटिश असोसिएशन ह्या शास्त्रज्ञांच्या मंडळाचें वार्षिक अधिवेशन भरलें होतें. ब्रिस्टल हें इंग्लंडच्या पश्चिमेकडील जुनें बंदर. तेथील कांहीं धाडसी व्यापाऱ्यांनीं नुकतीच एक कंपनी उभारून, अटलांटिक महासागर ओलांडून थेट न्यूयॉर्कला जाईल अशी मोठी आगबोट बांधावयास घेतली होती. कामास आरंभ होऊन पुरता महिनाहि लोटला नव्हता. अशा ठिकाणीं आणि अशा वेळीं अधिवेशनाच्या एका सभेंत डॉ. डायोनिशियस लार्डनर नांवाचा व्याख्याता उभा राहिला व त्यानें श्रोत्यांपुढें एक हिशेब मांडला. १,६०० टनांची आगबोट घ्या, तींत ४०० अश्वशक्तीचीं यंत्रें बसवा आणि लागेल तेवढा कोळसा भरा. तरी २,०८० मैल गेल्यावर तिला नवा कोळसा घ्यावाच लागेल. न्यूयॉर्क तर तीन हजार मैलांच्या पलीकडे. तेव्हां हा थेट प्रवासाचा उद्योग इष्ट नव्हे हें पटविण्यासाठीं अधिक बोलणें म्हणजे वेळाचा अपव्यय होय, असा त्याच्या भाषणाचा वृत्तान्त वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाला.

बोटीचा योजक, तीस वर्षांचा इंजिनियर ब्रुनेल, ह्यानें काम थांबविलें नाहीं. वीस महिन्यांनीं ती बोट न्यूयॉर्कच्या बंदरांत जाऊन उभी राहिली, आणि लार्डनर हें नांव चुकलेल्या भविष्यवाद्यांच्या यादींत कायमचें लिहिलें गेलें. आजहि त्याची आठवण निघते ती बहुधा थट्टेपुरतीच. परंतु ह्या थट्टेंत एक प्रश्न राहून जातो. ज्यानें स्वतः एकहि आगबोट बांधली नाहीं, एकहि रूळ टाकला नाहीं, त्या गृहस्थाचें मत ऐकण्यास एवढी सभा कां जमावी? आणि त्याचें म्हणणें खोटें ठरलें ह्याची नोंद जगानें इतक्या अगत्यानें कां ठेवावी? ह्याचें उत्तर त्याच्या धंद्यांत आहे. नवीन यंत्रें दुसऱ्यांनीं शोधावीं आणि लार्डनरनें तीं लोकांस समजावून सांगावीं, व्याख्यानपीठावरून सांगावीं, पुस्तकांतून सांगावीं, आणि त्यावर आपला चरितार्थ चालवावा, असा तो धंदा होता. त्याच्या आधींच्या पिढींत ह्या धंद्याला नांवहि नव्हतें.

लार्डनरचा जन्म आयर्लंडची राजधानी डब्लिन येथें ३ एप्रिल १७९३ रोजीं झाला. बाप सॉलिसिटर, मुलानेंहि कायद्याच्याच कचेरींत बसावें अशी घरची इच्छा. चार वर्षें त्यानें बापाच्या कचेरींत कागद खरडले, पण मन रमलें नाहीं. १८१२ सालीं तो ट्रिनिटी कॉलेजांत शिरला आणि तेथें गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांत त्यानें एकामागून एक बक्षिसें मिळविलीं. पदवीनंतर त्यानें धर्मोपदेशकाची दीक्षाहि घेतली; परंतु चर्चच्या व्यासपीठावर त्याचें चित्त नव्हतें. लग्न लवकर झालेलें, तेंहि सुखाचें नव्हे. १८२० च्या सुमारास नवराबायको वेगळीं राहूं लागलीं. पदरीं मुलें, वडिलार्जित धंदा सोडलेला, कॉलेजांत कायमची जागा नाहीं. अशा स्थितींत विद्वान् माणसास एकच वाट उरते, ती लेखणीची. लार्डनरनें मोठमोठ्या ज्ञानकोशांसाठीं गणितावर लेख लिहिण्यास सुरुवात केली.

त्याला खरा मार्ग सांपडला तो वाफेच्या यंत्रामुळें. त्या यंत्राविषयीं त्या दिवसांत लोकांना केवढें कुतूहल होतें ह्याची आज कल्पना येणें कठीण. खाणींतील पाणी तें उपसून काढी, गिरण्यांतील चात्या फिरवी, नद्यांतून बोटी चालवी. १८१४ पासून लंडनचा ‘टाइम्स’ वाफेच्या छापखान्यावर छापला जात होता. पण तें चालतें कसें, हें सांगणारा कोण? कारागीर जाणत होते, त्यांना बोलतां येत नव्हतें. पंडितांना बोलतां येत होतें, पण काजळी लागलेल्या यंत्राजवळ जाण्याची त्यांना संवय नव्हती. लार्डनरनें डब्लिनमध्यें यंत्राच्या लहान प्रतिकृति श्रोत्यांपुढें ठेवून व्याख्यानें दिलीं. तेथील रॉयल सोसायटीनें त्याला त्याबद्दल सुवर्णपदक दिलें. हीच व्याख्यानें १८२८ सालीं पुस्तकरूपानें निघालीं व पुढें त्या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ति निघत गेली.

व्याख्यान आधीं द्यावें, मग त्याचें पुस्तक करावें. पुस्तकामुळें नांव व्हावें, आणि नांवामुळें पुढच्या व्याख्यानास गर्दी व्हावी, हा क्रम लार्डनरनें येथें प्रथम साधला आणि मरेपर्यंत सोडला नाहीं. व्याख्यानाची प्रथा त्यानें काढली असें मात्र नव्हे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्रे डेव्हीच्या रसायनशास्त्रावरील व्याख्यानांस उच्च वर्गांतील स्त्रीपुरुषांची गर्दी लोटत असे, आणि त्याच्या मागून मायकेल फॅरडे त्याच जागीं उभा राहिला. परंतु डेव्ही आणि फॅरडे हे संशोधक होते. व्याख्यान हा त्यांच्या प्रयोगशाळेचा दरवाजा होता. लार्डनरच्या मागें प्रयोगशाळा नव्हती. त्याच्या मागें होता तो छापखाना.

१८२७ सालीं नव्यानें निघालेल्या लंडन युनिव्हर्सिटींत पदार्थविज्ञान आणि ज्योतिष ह्या विषयांच्या प्राध्यापकाच्या जागीं त्याची निवड झाली. ह्या विद्यापीठाचा पुरस्कर्ता लॉर्ड ब्रूम हा ज्ञानप्रसाराचा मोठा कैवारी. पण तेथील प्राध्यापकांची प्राप्ति बहुतांशीं विद्यार्थ्यांच्या फीवर अवलंबून असे, आणि लार्डनरची अपेक्षा मोठी होती. १८३१ सालीं त्यानें ती जागा सोडली. तोंपर्यंत त्याच्या हातीं ह्याहून पुष्कळ मोठा उद्योग आला होता.

हा उद्योग म्हणजे ‘कॅबिनेट सायक्लोपीडिया’. लाँगमन ह्या प्रकाशकांच्या साह्यानें १८२९ पासून लार्डनरनें ही ग्रंथमाला चालविली आणि तिचे एकंदर १३३ भाग निघाले. इंग्लंडमध्यें पुस्तकें त्या वेळीं अतिशय महाग असत. वॉल्टर स्कॉटची एक कादंबरी विकत घ्यावयाची तर दीड गिनी मोजावी लागे. लार्डनरच्या मालेंतील भागाची किंमत सहा शिलिंग. मजुराला तीहि परवडण्याजोगी नव्हती. परंतु शाळामास्तर, वैद्य, कारखान्यांतील हिशेबनीस, लहान व्यापारी ह्या वर्गाला थोड्या काटकसरीनें घरांत पुस्तकांची एक फळी उभी करतां येऊं लागली. आणि ह्या फळीवर नांवें कोणाचीं? स्कॉटलंडचा इतिहास स्वतः स्कॉटनें लिहिला, आयर्लंडचा टॉमस मूरनें. प्रकाशशास्त्रावर ब्रूस्टर, संभाव्यतेच्या गणितावर डी मॉर्गन, परदेशी ग्रंथकारांच्या चरित्रांवर ‘फ्रँकेन्स्टाइन’ची लेखिका मेरी शेली. विद्वानांच्या मागें लागून वेळेवर हस्तलिखित काढून घेणें हें काम किती दुर्घट, तें कोणाहि संपादकास विचारावें! लार्डनरनें तें पंधरा वर्षांहून अधिक काळ केलें.

ह्या मालेंतील एका भागाची हकीकत विशेष सांगण्याजोगी आहे. ज्योतिषी जॉन हर्शेल ह्यानें सृष्टिविज्ञानाच्या अभ्यासाची दिशा दाखविणारा एक प्रास्ताविक ग्रंथ मालेसाठीं लिहून दिला. १८३१ सालीं केंब्रिजमध्यें शेवटच्या वर्षाला असलेल्या एका तरुणानें तो वाचला, आणि शास्त्राच्या मंदिरास आपणहि एखादी वीट लावावी अशी तीव्र इच्छा त्यामुळें मनांत उत्पन्न झाली असें त्यानें पुढें आत्मचरित्रांत नमूद केलें. तो तरुण म्हणजे चार्ल्स डार्विन.

लार्डनरच्या स्वतःच्या लेखणीचा पराक्रम पाहावयाचा असेल तर १८३४ च्या जुलैमधील ‘एडिंबरो रिव्ह्यू’ उघडावा. चार्ल्स बॅबेज ह्या गणित्यानें सरकारी पैशानें एक गणनयंत्र बांधण्यास घेतलें होतें. त्या यंत्रामागील युक्ति अशी : १, ४, ९, १६ हे वर्ग क्रमानें मांडले तर त्यांतील अंतरें ३, ५, ७ अशीं येतात, आणि ह्या अंतरांतील अंतर नेहमींच २. म्हणजे एकदां आरंभ करून दिला कीं पुढील सर्व वर्ग केवळ बेरजेनें मिळतात; आणि बेरीज तर दांतेरी चाकेंहि करूं शकतील. समुद्रावरील खलाशी, विमा कंपन्या, ज्योतिषी हे सर्व छापील कोष्टकांवर विसंबून असत, आणि कोष्टकें चुकांनीं भरलेलीं. लार्डनरनें सहज हातीं आलेलीं कोष्टकांचीं ४० पुस्तकें घेऊन त्यांच्या शुद्धिपत्रांतील चुका मोजल्या. त्या ३,७०० निघाल्या! ज्या चुका कोणाच्या ध्यानांतच आल्या नाहींत त्या वेगळ्याच. यंत्राची गरज काय हें पटविण्यास ह्याहून चांगली सुरुवात कोणती? बॅबेजला आपल्या यंत्राविषयीं सोप्या भाषेंत बोलणें साधत नसे. लार्डनरनें लेखांत तर तें समजावून दिलेंच, शिवाय त्यावर ठिकठिकाणीं व्याख्यानेंहि दिलीं.

बॅबेजचें यंत्र पुरें झालें नाहीं. कारागिराशीं त्याचा तंटा झाला, काम १८३३ सालींच थांबलें होतें, आणि सुमारें १७,००० पौंड खर्ची पडल्यावर सरकारनें १८४२ सालीं हात आंखडता घेतला. पण स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें गेऑर्ग श्यूट्झ नांवाचा एक मुद्रक होता. लार्डनरचा लेख त्याच्या वाचनांत आला. त्यानें व त्याचा मुलगा एडवर्ड ह्यानें त्या युक्तीच्या आधारावर स्वतःचें यंत्र बांधण्यास घेतलें. १८४३ सालीं पहिलें यंत्र चाललें, १८५३ सालीं दुसरें व मोठें तयार झालें, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याला सुवर्णपदक मिळालें आणि अखेर तें अमेरिकेंतील ऑल्बनी शहरच्या वेधशाळेनें विकत घेतलें. शोधकाला जें साधलें नाहीं तें एका लेखाच्या वाचकाला साधलें! व्याख्यात्याच्या धंद्याचें ह्याहून मोठें सार्थक दुसरें दाखवितां येणार नाहीं; आणि गंमत अशी कीं, लार्डनरचें नांव निघालें असतां ह्या गोष्टीचा उल्लेख क्वचितच कोणी करतो.

कीर्ति वाढली तसे निंदकहि वाढले. लार्डनरला डौल प्रिय होता, नांवामागें पदव्यांची माळ लावण्याची हौस होती, आणि त्याच्या बोलण्यांतील आयरिश हेल कांहीं केल्या लपत नसे. ठाकरे हा विख्यात कादंबरीकार त्या वेळीं तरुण विनोदी लेखक होता. त्यानें लार्डनरच्या नांवाची आणि ‘सायक्लोपीडिया’ ह्या शब्दाच्या उच्चाराची मनसोक्त टिंगल केली. ज्ञान घरोघरीं विकणारा फेरीवाला, असा तिचा रोंख होता. ह्या टिंगलींत कांहीं अंशीं तथ्य होतें. परंतु ठाकरेहि दर पानाला दाम घेऊनच लिहीत होता, हें विसरतां येत नाहीं.

आतां कोळशाच्या प्रश्नाकडे वळावें. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो. आगबोटीला आपलें अन्न आपल्याच पोटांत बाळगून न्यावें लागतें. ह्या अडचणीची ओळख मुंबई बंदराला ब्रिस्टलच्याहि आधीं झाली होती. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजीं सुवेझला जाण्यास निघाली. साडेपांच दिवस पुरेल एवढा कोळसा मावावा ह्या बेतानें ती बांधलेली. पण एडनपर्यंतच अकरा दिवसांची मजल. म्हणून जागा सांपडेल तेथें कोळसा रचण्यांत आला, आणि ती एडनला लागली तेव्हां अवघा सहा तासांचा कोळसा उरला होता. सुवेझ गांठावयास २२ एप्रिल उजाडला. हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांच्यामधील टपाल वाफेनें न्यावयाचें तर वाटेंत कोळशाचे मुक्काम पाहिजेत हें ह्यावरून उघड झालें. १८३७ सालीं लार्डनरनें पंतप्रधान लॉर्ड मेलबोर्न ह्यास उद्देशून एक अनावृत पत्र छापून तांबड्या समुद्राच्या मार्गाचा कैवार घेतला. म्हणजे ज्याला आज वाफेचा शत्रु समजतात तो त्याच सुमारास मुंबईच्या आगबोटींसाठीं वकिली करीत होता. १८३९ च्या जानेवारींत कंपनी सरकारच्या आरमारानें एडन घेतलें, त्याचें एक मोठें कारण हा कोळशाचा मुक्कामच होय.

अटलांटिकच्या बाबतींत त्याचें म्हणणें हेंच होतें. मध्यें थांबा असावा. आयर्लंडच्या पश्चिम टोंकापासून निघून अमेरिकेच्या जवळांतील जवळ बंदर गांठावें. १८३५ च्या अखेरीस लिव्हरपूल येथील व्याख्यानांत, न्यूयॉर्क ते लिव्हरपूल थेट प्रवासाच्या गोष्टी करणें म्हणजे न्यूयॉर्कहून चंद्रावर जाण्याच्या गोष्टी करण्यासारखें आहे, असे उद्गार त्यानें काढल्याचें तेथील एका पत्रानें छापलें. हा प्रवास अशक्य असें आपण कधींच म्हटलें नाहीं. वाटेंत न थांबतां तो फायदेशीर होणार नाहीं एवढेंच म्हटलें, असें लार्डनर पुढें वारंवार सांगत राहिला. परंतु चंद्राची उपमा एकदां लोकांच्या तोंडीं बसली ती बसली. श्रोते हिशेब घरीं नेत नाहींत; उपमा घरीं नेतात.

हिशेब तरी कोठें चुकला? लार्डनरनें आंकडे हवेंतून काढले नव्हते. त्या वेळीं चालूं असलेल्या आगबोटींचा रोजचा खर्च पाहूनच त्यानें ते बसविले होते. पण त्या बोटी लहान. जहाजाची लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी दुप्पट केली तर त्याच्या पोटांत आठपट माल मावतो. उलट पाणी कापीत जाण्यास लागणारा जोर मात्र जहाजाच्या अंगाच्या पृष्ठभागाप्रमाणें, म्हणजे सुमारें चौपटच वाढतो. तेव्हां जहाज जितकें मोठें तितका कोळसा तुलनेनें कमी लागावा. ब्रुनेलची सारी भिस्त ह्या एका गोष्टीवर होती. लहान बोटींच्या अनुभवाची फूटपट्टी मोठ्या बोटीला लावणें, ही लार्डनरची चूक. गणितांत एवढा मुरलेला मनुष्य इतकी साधी गोष्ट कशी विसरला? ह्याचें कारण त्याच्या धंद्यांतच शोधावें लागतें. इंजिनियराला, ‘बांधून पाहूं’, असें म्हणतां येतें. पैसे देऊन आलेल्या श्रोत्यांपुढें उभ्या असलेल्या वक्त्याला तसें म्हणून चालत नाहीं. त्याच्याकडून निश्चित आंकडा हवा असतो. आणि निश्चित आंकडा मिळतो तो झालेल्या गोष्टींचा, व्हावयाच्या गोष्टींचा नव्हे.

८ एप्रिल १८३८ रोजीं ‘ग्रेट वेस्टर्न’ ब्रिस्टलहून निघाली. निघण्यापूर्वीं बोटीवर आग लागल्यामुळें पुष्कळ उतारूंनीं आपलीं तिकिटें परत केलीं होतीं. अवघे सात उतारू धीर धरून बसले. ‘सिरिअस’ नांवाची सातशें टनांची दुसरी एक बोट चार दिवस आधीं आयर्लंडमधील कॉर्कहून सुटली होती. ती २२ तारखेस न्यूयॉर्कला पोहोंचली, तेव्हां तिच्या कोठ्या जवळ जवळ रित्या झाल्या होत्या. दुसऱ्याच दिवशीं ‘ग्रेट वेस्टर्न’ आली; पंधरा दिवसांचा प्रवास करूनहि तिच्या पोटांत सुमारें २०० टन कोळसा शिल्लक होता. ह्या दोन बोटींपैकीं ‘सिरिअस’ लार्डनरच्या हिशेबाची साक्ष देत होती आणि ‘ग्रेट वेस्टर्न’ ब्रुनेलच्या. पण किनाऱ्यावर टोप्या उडविणाऱ्या गर्दीस ह्याचें काय!

लार्डनरला न्याय द्यावयाचा तर पुढचाहि हिशेब पाहिला पाहिजे. सॅम्युएल क्यूनार्डची अटलांटिकवरील आगबोट १८४० च्या जुलैंत सुरू झाली ती सरकारी टपालाच्या ठेक्याच्या बळावर, आणि वाटेंत हॅलिफॅक्सला थांबत. तो ठेका न मिळालेल्या ब्रिस्टलच्या कंपनीला दहा वर्षांच्या आंत आपली ‘ग्रेट वेस्टर्न’ विकून टाकावी लागली. प्रवास शक्य कीं अशक्य ह्या वादांत तो हरला. प्रवास परवडेल कीं नाहीं ह्या वादांत तितकासा हरला नाहीं.

ब्रुनेलशीं त्याची गांठ रेल्वेच्या कामांतहि पडली. लंडन ते ब्रिस्टल रेल्वेवर बॉक्स येथें जवळ जवळ दोन मैलांचा बोगदा व्हावयाचा होता आणि त्यांत शंभरास एक असा उतार होता. ब्रेक निकामी झाले तर गाडी ताशीं १२० मैलांच्या वेगानें बाहेर पडेल, असें लार्डनरनें सांगितलें; घर्षण आणि हवेचा विरोध हे दोन्ही धरावयाचे राहिले आहेत असें ब्रुनेलनें दाखवून दिलें. पुढें १८३८ सालीं त्याच रेल्वेच्या भागीदारांनीं ब्रुनेलचा सात फुटी रूळमार्ग योग्य कीं अयोग्य हें ठरविण्यासाठीं तपासणी करविली, तेव्हां तींतील प्रयोग लार्डनरकडेच आले. वेग वाढला कीं हवेचा विरोध इतका वाढतो कीं कोळसा फुकट जातो, असें त्याच्या प्रयोगांत दिसून आलें. ब्रुनेल व त्याचा तरुण साहाय्यक गूच ह्यांनीं रातोरात इंजिनाच्या धुराड्याखालचा वाफ सोडणारा नळ बदलला, आणि तेंच इंजिन पूर्वीहून कमी कोळशांत अधिक वेगानें धांवूं लागलें. लार्डनरचें मापन खरें होतें. ज्याचें मापन केलें तें यंत्रच सदोष होतें.

ह्या पराभवांनीं त्याची प्राप्ति थांबली नाहीं. ती थांबली दुसऱ्याच कारणानें. १८४० सालीं कॅप्टन हेविसाइड नांवाच्या घोडदळांतील अधिकाऱ्याच्या पत्नीसह तो पॅरिसला निघून गेला. नवरा मागोमाग आला, त्यानें लार्डनरला गांठून चाबकानें फोडलें आणि इंग्लंडच्या न्यायालयांत फिर्याद करून ८,००० पौंडांची नुकसानभरपाई मिळविली. इंग्लंडांतील सभागृहांचे दरवाजे त्याला बंद झाले. ज्याची मिळकत लोकांच्या विश्वासावर उभी, त्याला ही शिक्षा दंडाहून भारी होती.

४७ वर्षांच्या वयांत सारें गमावल्यावर हा गृहस्थ अमेरिकेस गेला. १८४१ पासून सुमारें चार वर्षें तो तेथील शहरोशहरीं व्याख्यानें देत फिरला. अमेरिकेंत त्या वेळीं गांवोगांव व्याख्यानमंडळें होतीं, शिकण्याची हौस दांडगी होती, आणि लंडनमधील बेअब्रूची चौकशी करण्यापेक्षां धूमकेतु, वीज आणि वाफ ह्यांची हकीकत ऐकण्यांत लोकांना अधिक गोडी होती. त्यानें ह्या दौऱ्यांत ४०,००० पौंड मिळविले असा आंकडा त्याच्या चरित्रांत दिला जातो. आंकडा फुगलेला असला तरी प्राप्ति विलक्षण होती ह्यांत शंका नाहीं. आणि जुन्या रिवाजाप्रमाणें ह्याहि व्याख्यानांचें पुस्तक न्यूयॉर्कमध्यें निघालें. ज्या देशापर्यंत आगबोट थेट नेणें परवडणार नाहीं म्हणून त्यानें बजावलें होतें, त्याच देशानें त्याचें घर पुन्हा उभें केलें!

१८४५ सालीं तो पॅरिसला परतला व उरलेलें आयुष्य त्यानें तेथें काढलें. पुढच्याच वर्षीं त्या बाईशीं त्याचा रीतसर विवाहहि झाला. इंग्लंडांत बोलतां येत नव्हतें, पण लिहितां येत होतें. १८५० सालीं त्याचा ‘रेल्वे इकॉनमी’ हा ग्रंथ निघाला. आगगाडीच्या वेगाविषयीं चुकलेला हा मनुष्य आगगाडीच्या जमाखर्चाविषयीं मात्र अचूक बोलला. रूळ किती दिवसांत झिजतात, इंजिन दिवसांतून किती तास रिकामें उभें राहतें, भाडें किती ठेवलें असतां नफा जास्तींत जास्त होईल, असे प्रश्न त्यानें त्यांत आंकड्यांनीं आणि आकृतींनीं सोडविले. अर्थशास्त्राला गणिताची भाषा देणारा जेव्हन्स ह्यानें, ह्या पुस्तकामुळेंच आपण त्या वाटेला लागलों असें सांगितलें. कार्ल मार्क्सनेंहि ‘कॅपिटल’च्या दुसऱ्या खंडांत त्याचा आधार घेतला. त्यानंतर १८५४ ते १८५६ ह्या काळांत ‘म्यूझियम ऑफ सायन्स अँड आर्ट’ हे बारा भाग निघाले. विद्युत्ताराविषयींचें त्याचें सोपें पुस्तक ह्याच मालेंतलें.

२९ एप्रिल १८५९ रोजीं इटलींतील नेपल्स येथें लार्डनर वारला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ब्रुनेलहि गेला. मोठ्या जहाजाला कोळसा तुलनेनें कमी लागतो हें सूत्र टोंकाला नेऊन ब्रुनेलनें अखेरीस ‘ग्रेट ईस्टर्न’ नांवाची ६९२ फूट लांबीची आगबोट बांधविली होती. पूर्वेकडील लांबच्या देशांस वाटेंत कोळसा न घेतां जावें हा तिचा उद्देश. पण एवढी बोट भरून जाईल इतके उतारू आणि इतका माल मिळेना. एकामागून एक मालक तिच्यापायीं बुडाले. शेवटीं ती समुद्राच्या तळाशीं तारा टाकण्याच्या कामीं लागली. तारेचीं वेटोळीं पोटांत घेऊन १८७० च्या आरंभीं ती मुंबई बंदरांत आली, आणि चाळीस वर्षांपूर्वीं ‘ह्यू लिंडसे’ ज्या वाटेनें गेली होती त्याच वाटेनें, फेब्रुवारीच्या मध्यास, तार सोडीत सोडीत एडनकडे निघाली.